कावळ्याला झाडू देण्याआधी

कावळा हुशार असतो हे आपल्याकडच्या मुलांना शाळेत जाण्याआधीच कळलेले असते. माठात खडे टाकून पाणी वर आणणारा कावळा सर्वांच्या ओळखीचा आहे. गेल्या काही वर्षांत या गोष्टीची एक नवी आवृत्ती वर्तमानपत्रांतून आणि मोबाइलवरच्या चित्रफितींतून आपल्यापर्यंत पोचते. तिच्यातला कावळा रस्त्यावर पडलेले सिगारेटचे थोटूक चोचीत धरतो, एका पेटीच्या भोकात टाकतो, आणि पेटीतून खाली पडलेला खाऊ खातो. अशा बातमीचा शेवट बहुधा ठरलेला असतो : जे पक्ष्याला कळते ते माणसाला कळू नये ना!

ही बातमी वर्गात वाचून दाखवण्याजोगी आहे यात शंका नाही. मुले ती आवडीने ऐकतील. परंतु विज्ञान शिकवणाऱ्याने ती वाचून दाखवण्यापूर्वी दोन प्रश्न एकमेकांपासून वेगळे करायला हवेत. कावळ्याला हे काम शिकवता येईल का, हा पहिला प्रश्न. त्याने हे काम केल्यावर रस्ता स्वच्छ होईल का, हा दुसरा. बातमी पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते आणि दुसऱ्याचेही दिल्यासारखे भासवते. हा भास कसा होतो ते आपण पाहू या.

प्रत्यक्षात काय घडले?

फ्रान्सच्या पश्चिम भागात पुय द्यू फू नावाचे एक मोठे ऐतिहासिक करमणूक उद्यान आहे. तेथे २०१८ च्या ऑगस्टमध्ये सहा रूक पक्ष्यांना थोटके आणि कागदाचे बारीक कपटे उचलण्याचे काम देण्यात आले. रूक म्हणजे युरोपात आढळणारा, कावळ्याच्याच कुळातला पक्षी. केंब्रिजमध्ये २००९ साली झालेल्या एका प्रयोगात नळीतल्या पाण्यात खडे टाकून, पाण्याची पातळी वर आणून, तरंगणारी अळी मिळवून दाखवली होती ती याच जातीच्या पक्ष्यांनी. इसापाची गोष्ट अशी प्रयोगशाळेत खरी ठरली. तेव्हा उद्यानातल्या रूकांच्या बुद्धीबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. मात्र दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. हे पक्षी रानातले नव्हते, माणसाने वाढवलेले होते. दुसरे म्हणजे, उद्यानाच्या प्रमुखांनीच सांगितले होते की येणारे लोक मुळात स्वच्छता पाळतात, आणि पक्ष्यांकडून हे काम करवण्यामागचा हेतू मुख्यतः लोकांना पर्यावरणाची जाणीव करून देण्याचा आहे. म्हणजे हे एक प्रात्यक्षिक होते, आणि उद्यानाने ते तसे सांगितलेही होते.

दुसरी बातमी २०२२ सालची. स्टॉकहोमजवळच्या सोडरटेल्ये या गावात एका छोट्या कंपनीने रानटी, म्हणजे मोकळ्या फिरणाऱ्या, काककुलातील पक्ष्यांना थोटकाच्या बदल्यात खाऊ देणारे यंत्र तयार केले. पक्षी आपल्या मर्जीने येतात, त्यांना पकडले जात नाही, हा या योजनेचा चांगला भाग. 'स्वीडन स्वच्छ ठेवा' या तिथल्या संस्थेच्या आकडेवारीनुसार त्या देशात रस्त्यांवर दरवर्षी १०० कोटींहून अधिक थोटके टाकली जातात, आणि कचऱ्याच्या एकूण नगांपैकी ६२ टक्के नग थोटकांचेच असतात. गावाचा रस्तेसफाईचा वर्षाचा खर्च होता २ कोटी क्रोनर. थोटके उचलण्यावर होणाऱ्या खर्चात निदान ७५ टक्के बचत होईल, असे कंपनीच्या संस्थापकाचे म्हणणे होते.

बातमी जगभर पसरली ती या ७५ टक्क्यांच्या जोरावर. म्हणून या आकड्यापाशी थोडे थांबू.

आकडा आला कुठून?

माणसाकडून एक थोटूक उचलून घ्यायला सुमारे ८० ओरे किंवा त्याहून अधिक खर्च येतो (१०० ओरे म्हणजे १ क्रोनर), आणि पक्ष्यांकडून करवल्यास तो कदाचित २० ओरे येईल, असा संस्थापकाचा हिशेब होता. ८० चे २० झाले की बचत ७५ टक्के. सहावीतला विद्यार्थी हे गणित करील. ते बरोबरही आहे. पण यातला '२०' हा एक अंदाज आहे. काही महिने यंत्र चालवून, आलेला खर्च जमा झालेल्या थोटकांनी भागून तो काढलेला नव्हता. अंदाज बांधण्यात गैर काही नाही. प्रत्येक प्रयोगाचा अर्ज लिहिताना आम्ही संशोधकही अंदाज बांधतोच. अडचण अशी की 'कदाचित २०' हे शब्द बातमीच्या पहिल्या परिच्छेदात येईपर्यंत '७५ टक्के बचत' होऊन बसतात, आणि त्यातला 'कदाचित' वाटेत गळून पडतो.

असे पूर्वीही झाले आहे. २००८ साली अमेरिकेतील जोशुआ क्लाइन यांनी एका व्याख्यानात कावळ्यांसाठी तयार केलेले यंत्र सादर केले. कावळ्याने सापडलेले नाणे यंत्रात टाकायचे आणि शेंगदाणा घ्यायचा, अशी ती कल्पना. व्याख्यान अतिशय गाजले. त्याच वर्षाच्या अखेरीस न्यूयॉर्क टाइम्सच्या रविवारच्या नियतकालिकाने वर्षातल्या उल्लेखनीय कल्पनांत तिचा समावेश केला आणि कावळे हे शिकले असे छापले. पक्ष्यांच्या अभ्यासकांनी त्यावर हरकत घेतली. अखेर एप्रिल २००९ मध्ये त्या नियतकालिकाला खुलासा छापावा लागला, कारण कावळे यंत्रात नाणी टाकायला शिकल्याच्या दाव्याला आधार सापडला नव्हता. व्याख्यान मात्र आजही पाहिले जाते. खुलासा वाचणारे थोडे आणि मूळ गोष्ट सांगणारे पुष्कळ, हे प्रमाण वर्गात मुद्दाम दाखवण्यासारखे आहे.

शिकवण्याची रीत

आता कावळ्याला हे शिकवतात कसे ते पाहू. यात गूढ काही नाही. आधी यंत्राजवळ नुसताच खाऊ ठेवायचा. पक्ष्याची भीड चेपली की यंत्रातून थोड्या थोड्या वेळाने खाऊ पडेल अशी व्यवस्था करायची. मग खाऊ बंद करून भोकाच्या कडेवर थोटके ठेवायची. खाऊ शोधताना पक्ष्याचा धक्का लागून एखादे थोटूक आत पडते, आणि लगेच खाऊ मिळतो. असे काही वेळा झाले की 'थोटूक आत, खाऊ बाहेर' हा संबंध पक्ष्याच्या ध्यानात येतो. शेवटी थोटके जमिनीवर विखरून टाकायची.

इष्ट वागणुकीमागोमाग लगेच बक्षीस देऊन ती वागणूक पक्की करणे याला मानसशास्त्रात प्रबलन म्हणतात. स्किनर या अमेरिकी शास्त्रज्ञाने कबुतरे आणि उंदीर यांच्यावर प्रयोग करून त्याचे नियम मांडले. कावळ्याच्या जोडीला एक जादा सोय असते : तो दुसऱ्या कावळ्याकडे पाहून शिकतो. सिअ‍ॅटल येथे २००६ साली संशोधकांनी विशिष्ट मुखवटा घालून काही कावळे पकडले आणि सोडून दिले. पुढे तो मुखवटा घातलेला माणूस दिसला की कावळे कलकलाट करीत, आणि ज्यांना कधी पकडलेच नव्हते असे कावळेही त्यात सामील होत. तेव्हा एका कावळ्याला शिकवले की बाकीचे आपोआप शिकतील, ही आशा अगदीच निराधार नाही.

परंतु प्रबलनाचा एक साधा नियम येथे विसरला जातो. प्राणी शिकतो ते ज्याबद्दल बक्षीस मिळते ते. बक्षीस देणाऱ्याच्या मनात काय आहे, हे त्याला कळण्याचा मार्ग नसतो. सोडरटेल्येच्या यंत्रात बक्षीस मिळते ते भोकात थोटूक पडल्याबद्दल. रस्ता स्वच्छ झाल्याबद्दल ते मिळत नाही. या दोन गोष्टी आपल्याला एकच वाटतात. कावळ्याला त्या एकच वाटण्याचे कारण नाही.

पेटी काय मोजते?

कावळ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. थोटके सर्वांत सहज कुठे मिळतील? हॉटेलबाहेरच्या टेबलावरच्या राखदाणीत, किंवा कचराकुंडीत. तेथून एक उचलून भोकात टाकले तरी खाऊ तोच. अशा वेळी पेटीतील थोटके वाढत जातील आणि रस्ता होता तसाच राहील. पेटी मोजून रस्त्याची स्थिती कळत नाही ती अशी.

हुशार प्राणी याच्याही पुढे जातात. अमेरिकेत मिसिसिपी राज्यातील सागरी सस्तन प्राण्यांच्या एका संस्थेत डॉल्फिनांना तलावात पडलेला कचरा प्रशिक्षकाकडे आणून देण्यास शिकवले होते. कचरा द्या, मासा घ्या. त्यांतील केली नावाच्या डॉल्फिन मादीने काय करावे? तलावात पडलेला कागद ती तळाच्या दगडाखाली दडवून ठेवू लागली. प्रशिक्षक दिसला की ती खाली जाई, कागदाचा छोटासा तुकडा फाडी आणि नेऊन देई. मोठ्या कागदाला एक मासा आणि तुकड्यालाही एकच मासा, हे तिने हेरले होते. यात केलीची लबाडी नाही. बक्षिसाचा नियम जसा होता तसा तिने तो बिनचूक ओळखला.

कावळ्यांना हे जमेल का? न्यू कॅलेडोनिया बेटावरच्या कावळ्यांवर झालेला आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग येथे फार बोलका आहे. त्यात पक्ष्यांना यंत्रात ठरावीक आकाराची कागदी कार्डे टाकल्यावर खाऊ मिळे. नंतर त्यांना तयार कार्डे न देता एक मोठा कागद दिला. पक्ष्यांनी त्या कागदातून पूर्वीच्या कार्डांच्या मापाचे तुकडे फाडले आणि यंत्रात टाकले. बुद्धीचा हा पुरावा विलक्षण आहे. पण याच पुराव्याकडे सफाई खात्याच्या नजरेने पाहिले तर काय दिसते? कचरा संपला तर कचरा तयार करू शकणारा कामगार.

माणसेही याच नियमाने वागतात. हनोई शहरात १९०२ साली फ्रेंच वसाहतीच्या सरकारने उंदीर मारण्यासाठी बक्षीस लावले. पुरावा म्हणून शेपूट आणून दिली की पैसे मिळत. थोड्याच दिवसांत शहरात शेपूट नसलेले जिवंत उंदीर फिरताना दिसू लागले. उंदराला मारण्यापेक्षा शेपूट कापून सोडून देणे फायद्याचे होते, कारण त्याची पिल्ले पुढच्या शेपट्या पुरवणार होती. शहराच्या आसपास उंदीर पाळण्यापर्यंत मजल गेली.

गुणांसाठी पाठांतर करणारा विद्यार्थी आपण रोज पाहतो. आपल्याला हवी असते समज, आणि गुण देतो ते उत्तरपत्रिकेतल्या वाक्यांना. चलाख विद्यार्थी वाक्ये आणून देतो. तेव्हा केलीची गोष्ट शिक्षकांना परकी वाटू नये.

आपल्या विषयापुरता निष्कर्ष असा : प्राणी जितका हुशार, तितकी बक्षिसाच्या नियमातली फट तो लवकर शोधतो. कावळ्याची बुद्धी ही या योजनेची भक्कम बाजू म्हणून सांगितली जाते. मला ती तिची सर्वांत नाजूक बाजू वाटते.

स्वभाव आडवा येतो

दुसरी अडचण उलट्या बाजूने येते. स्किनरचे विद्यार्थी असलेले केलर आणि मॅरियन ब्रेलँड हे दांपत्य जाहिरातींसाठी व करमणुकीसाठी प्राणी शिकवण्याचा व्यवसाय करीत असे. ३८ जातींच्या ६,००० हून अधिक प्राण्यांना शिकवल्यानंतर १९६१ साली त्यांनी आपल्या अपयशांवर एक निबंध लिहिला. त्यातील दोन अपयशे आपल्या विषयाशी थेट जुळतात, कारण दोन्हींत प्राण्याने एक वस्तू उचलून पेटीत टाकायची होती.

पहिले रॅकून या प्राण्याचे. त्याला नाणे उचलून डब्यात टाकायला शिकवले. एक नाणे असेपर्यंत काम कसेबसे चालले, तरी तो नाणे सोडायला कांकू करी, डब्याच्या आतल्या कडेवर घाशी, पुन्हा बाहेर काढी. दोन नाणी दिल्यावर तर तो ती मिनिटामागून मिनिटे एकमेकांवर घाशीत बसू लागला. दुसरे डुकराचे. लाकडी नाणी उचलून गल्ल्यात टाकायला डुकरे झटकन शिकली. पण काही आठवड्यांनी ती नाणी वाटेत टाकून नाकाने उकरू लागली, हवेत उडवू लागली, आणि शिकलेले काम मंदावत गेले.

याचे स्पष्टीकरण ब्रेलँड दांपत्याने असे दिले : ज्या वस्तूचा खाण्याशी वारंवार संबंध येतो, त्या वस्तूशी प्राणी खाद्यासारखेच वागू लागतो. रॅकून पकडलेले भक्ष्य चोळतो, डुक्कर मुळे उकरते. शिकवलेली वागणूक हळूहळू उपजत वागणुकीकडे सरकत जाते.

मग कावळ्याची खाद्याबाबतची उपजत सवय कोणती? मिळालेले खाद्य कुठेतरी दडवून ठेवणे आणि पुढे काढून खाणे ही काककुलाची ओळखच आहे. कौलांच्या फटीत पोळीचा तुकडा खोचणारा कावळा पुष्कळांनी पाहिला असेल. थोटकाला खाऊचे मोल आले, तर तो ते पेटीतच टाकील की पन्हाळीत दडवील? उत्तर निरीक्षणानेच मिळेल, आणि त्यासाठी काही दिवस नव्हे, काही महिने निरीक्षण करावे लागेल. पहिल्या आठवड्याच्या चित्रफितीत ते दिसणार नाही. ब्रेलँड यांची डुकरेही पहिल्या आठवड्यात उत्तम काम करीत होती.

थोटकातले विष

तिसरा मुद्दा पक्ष्याच्या आरोग्याचा. सिगारेटचा फिल्टर कापसाचा दिसतो, पण तो सेल्युलोज अ‍ॅसिटेट या प्लास्टिकच्या तंतूंचा असतो. ओढलेल्या सिगारेटच्या फिल्टरमध्ये निकोटिन आणि इतर अनेक विषारी द्रव्ये अडकून राहतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एक लिटर पाण्यात साधारण एक ओढलेले थोटूक भिजवले असता त्या पाण्यातील निम्मे मासे मेले.

पक्ष्यांबाबतही थोडी माहिती आहे. मेक्सिको शहरात चिमण्या आणि फिंच पक्षी घरट्यात थोटकांचे तंतू वापरतात. ज्या घरट्यांत हे तंतू अधिक, तेथे पिसवा-गोचिडांसारखे परजीवी कमी, असे २०१३ मध्ये आढळले. तेव्हा 'पक्ष्यांनी शोधले कीटकनाशक' अशा बातम्या आल्या. पुढच्या अभ्यासात मात्र अशा घरट्यांतील फिंचच्या पिलांच्या रक्तपेशींत जनुकीय द्रव्याला इजा झालेली दिसली. एका बाजूने फायदा, दुसऱ्या बाजूने हानी.

कामावरचा कावळा दिवसभर थोटके चोचीत धरणार आणि त्याच चोचीने खाऊ खाणार. सोडरटेल्येच्या प्रकल्पात पक्ष्यांच्या आरोग्याला महत्त्व दिले जाईल असे सांगितले गेले होते, ही चांगली गोष्ट. पण सफाई कामगाराला आपण हातमोजे देतो, निदान द्यायला हवेत असे म्हणतो. चोचीला हातमोजा नाही.

झांझिबारचा धडा

पक्ष्यांना सफाईच्या कामाला लावण्याची कल्पना नवी नाही, आणि तिच्या इतिहासात आपल्या अंगणातल्या कावळ्याचा मोठा भाग आहे. १८९० च्या दशकात पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यालगतच्या झांझिबार बेटावर भारतातले गावकावळे मुद्दाम नेऊन सोडण्यात आले. हेतू होता गावातला कचरा साफ व्हावा हा. काही शिकवायची गरज नव्हती. उष्ट्याखरकट्यावर जगणे हे गावकावळ्याचे जन्मजात कौशल्य आहे.

कावळ्यांनी कचरा खाल्लाही. पण नेमून दिलेल्या कामावर ते थांबले नाहीत. स्थानिक पक्ष्यांची अंडी आणि पिल्ले त्यांनी खाल्ली, कोंबड्यांची पिल्ले पळवली, आणि मुख्य भूमीच्या किनाऱ्यावरही पसरले. जून २०२४ मध्ये केनियाच्या वन्यजीव खात्याने वर्षअखेरपर्यंत दहा लाख गावकावळे नष्ट करण्याची योजना जाहीर केली. सफाईसाठी नेलेल्या पक्ष्याची सफाई करण्याची पाळी आली.

स्वीडनचे पक्षी स्वीडनचेच आहेत, त्यांना कोणी परदेशात नेले नाही, हा फरक मान्य करायला हवा. परंतु झांझिबारच्या धड्याचा अर्धा भाग तेथेही लागू पडतो. समजा, त्या देशातली वर्षाची १०० कोटी थोटके पक्ष्यांनी उचलायची ठरवली. दिवसाला सुमारे २७ लाख ४० हजार थोटके झाली. एक पक्षी दिवसाला ५० थोटके आणतो असे धरले, तर जवळजवळ ५५,००० पक्षी रोज कामावर लागतील. दर थोटकामागे अर्धा ग्रॅम खाऊ दिला, तर रोज १,३७० किलो खाऊ वाटावा लागेल. हे ५० आणि अर्धा ग्रॅम मी केवळ हिशेबासाठी धरले आहेत. वर्गात ते बदलून पाहावेत. मुद्दा असा की एवढे आयते अन्न मिळाले की कावळे वाढणार, आणि कावळे वाढले की आसपासच्या लहान पक्ष्यांच्या घरट्यांवरचे हल्ले वाढणार. हा खर्च ८० ओरे आणि २० ओरे यांच्या हिशेबात कुठेच धरलेला नाही.

आणि ज्यांना कधी शिकवावे लागले नाही, पगार द्यावा लागला नाही, अशा आपल्याच सफाई कामगारांचे आपण काय केले? गुरांची मढी खाऊन साफ करणारी गिधाडे १९९० च्या दशकात भारतात झपाट्याने नाहीशी झाली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या पंधरा-सोळा वर्षांत ९९ टक्क्यांहून अधिक घटली. गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी करते, हे २००४ मध्ये सिद्ध झाले. भारताने २००६ मध्ये गुरांसाठी त्याच्या वापरावर बंदी घातली. मुंबईत मलबार हिलवरील पारशी समाजाच्या दोखम्यांमध्ये गिधाडांच्या अभावी सूर्याची उष्णता एकवटणारी उपकरणे बसवावी लागली. पक्ष्यांचे सफाईचे काम किती मोलाचे असते, ते अशा वेळी कळते. पण ते काम पक्षी आपल्या अन्नाच्या शोधात करीत होते. कुजणारे मांस हे गिधाडाचे अन्न आहे. थोटूक हे कोणत्याच पक्ष्याचे अन्न नाही.

वर्गात काय करता येईल?

एवढी टीका केल्यावर ही बातमी टाकून द्यावी का? मुळीच नाही. चांगला प्रयोग कसा आखावा हे शिकवायला ती फार उपयोगी आहे. मुलांना विचारावे : हे यंत्र खरोखर उपयोगी आहे असे तुम्ही कशावरून म्हणाल? 'पेटीत किती थोटके जमली' हे उत्तर प्रथम येईल. त्यावर राखदाणीचा प्रश्न विचारावा. मग मुले हळूहळू पुढील गोष्टींपर्यंत येतील. मोजायचे ते रस्त्यावर उरलेली थोटके. सारख्याच वर्दळीचे दोन रस्ते घ्यायचे, एकावर यंत्र ठेवायचे, दुसऱ्यावर नाही. यंत्र ठेवण्याआधी काही आठवडे आणि नंतर काही महिने दोन्हीकडे मोजणी करायची. मोजणाऱ्याला, शक्य असेल तर, यंत्र कुठल्या रस्त्यावर आहे हे माहीत नसावे. सोबत त्या भागातले कावळे आणि इतर पक्षी यांचीही नोंद ठेवायची. आठवी-नववीच्या मुलांना तुलनेसाठी ठेवलेल्या गटाचे महत्त्व व्याख्येपेक्षा यातून चांगले समजते.

दुसरा उपक्रम कावळ्यालाच पाहण्याचा. काही शिकवायचे नाही, खाऊ टाकायचा नाही. मधल्या सुट्टीनंतर शाळेच्या अंगणात उतरणारे कावळे काय उचलतात, जागेवर खातात की नेतात, नेले तर कुठे ठेवतात, याची पंधरा दिवस वेळेसह नोंद करावी. कावळा पिशवी उचलतो की पिशवीतले अन्न काढून पिशवी टाकून देतो, हे विशेष पाहावे. तो अंगण स्वच्छ करतो की अस्ताव्यस्त करतो, याचे उत्तर मुलांच्या वहीत मिळेल.

तिसरा उपक्रम शाळेबाहेरच्या रस्त्याचा. शंभर पावलांच्या अंतरात पडलेल्या कचऱ्याची, हात न लावता, प्रकारवार मोजणी करावी. आपल्याकडची यादी स्वीडनपेक्षा वेगळी निघेल. विडीच्या थोटकात फिल्टर नसतो, तेंदूचे पान आणि दोरा असतो. गुटख्याच्या आणि पानमसाल्याच्या पुड्या मात्र बहुधा पुष्कळ सापडतील. मोजणीच्या शेवटी एक गोष्ट मुलांना सांगावी : शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे. मग अंतर मोजण्याची टेप घेऊन सर्वांत जवळच्या टपरीपर्यंत चालत जावे. आलेला आकडा आणि पंधरा दिवसांची नोंद मुख्याध्यापकांच्या सहीने नगरपालिकेला पाठवावी.

सोडरटेल्येच्या एका अधिकाऱ्याने म्हटले होते की आपण कावळ्यांना थोटके उचलायला शिकवू शकतो, पण माणसांना ती न टाकायला शिकवू शकत नाही, हा विचार करण्याजोगा विरोधाभास आहे. बातम्यांनी हे वाक्य हताश सुरात छापले. शिक्षकांनी ते तसे मान्य करण्याचे कारण दिसत नाही. कावळ्याला बक्षिसामागचा हेतू समजावून सांगता येत नाही. मुलांना तो सांगता येतो, आणि ते त्यावर उलट प्रश्नही विचारू शकतात.